उसना मुसोलिनी

माद्रिदच्या दक्षिण अंगाला काराबांचेल नावाची कामगारवस्ती आहे. कामाच्या निमित्तानं तिथे चार महिने राहिलो होतो. लाल विटांची पाच मजली इमारत, लिफ्ट नाही, प्रत्येक खिडकीबाहेर उन्हासाठी ओढून घेतलेलं हिरवं कापड. खालच्या दाराचं कुलूप अडेलतट्टू होतं. रोज त्याच्याशी झटापट करताना शेजारच्या भिंतीवरची पत्र्याची एक पाटी डोळ्यांसमोर यायची. वहीच्या पानाएवढी, कडा गंजलेल्या, चार खिळ्यांनी ठोकलेली. वर पुसट अक्षरं आणि मधोमध एक चिन्ह. पहिले आठ दिवस मला ते एखाद्या अवजारांच्या कंपनीचं बोधचिन्ह वाटलं. नवव्या दिवशी कुलूप जरा जास्तच अडलं आणि नीट बघायला वेळ मिळाला. ते जू होतं.

बार्शीजवळच्या आमच्या गावात जू ओळखायला शाळा लागत नाही. खांद्यावर बसायला दोन्हीकडे दिलेला बाक लगेच ओळखू आला. शिवळा तेवढ्या नव्हत्या. शिवळांऐवजी मधून पाच बाण वर गेले होते, पंख्यासारखे पसरलेले.

तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना विचारलं. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं, त्यामुळे त्या माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायच्या. म्हणाल्या, "ते होय? ते घराबरोबर आलं."

खरंच घराबरोबर आलं होतं. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांवर गृहनिर्माण खात्याची अशी पाटी ठोकली जायची आणि पाटीवर सत्ताधारी पक्षाचं, फालांखेचं, चिन्ह असायचं. पक्ष आणि सरकार यांत फरकच उरला नव्हता, म्हणून घरबांधणीच्या पाटीवर पक्षाचा शिक्का. २००७ च्या कायद्यानं अशी चिन्हं सार्वजनिक जागांवरून उतरवायला सांगितलं, तरी कुठल्या कुठल्या दारावर ती अजून आहेत.

हे चिन्ह मूळचं पंधराव्या शतकातल्या राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांचं. जुवाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'युगो', त्याचं आद्याक्षर म्हणजे जुन्या लेखनात इसाबेलचं आद्याक्षर. बाणांना म्हणतात 'फ्लेचास', त्यात फेर्नांदोचं. नवराबायकोनं एकमेकांची अक्षरं मिरवायची, असा तो दरबारी लाडिकपणा. पुढे साडेचारशे वर्षांनी ते फॅसिस्टांच्या हाती कसं लागलं, याची एक कथा सांगतात. ग्रानादा विद्यापीठात फेर्नांदो दे लोस रिओस हे कायद्याचे प्राध्यापक होते, विचारानं समाजवादी. एकदा शिकवता शिकवता त्यांनी फळ्यावर जू आणि बाण काढले आणि म्हणाले, स्पेनमध्ये कधी फॅसिझम आलाच तर त्याचं चिन्ह हे असेल. वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं ते लक्षात ठेवलं. १९३१ मध्ये तो एका नव्या जहाल गटात सामील झाला आणि गटाला चिन्ह हवं होतं तेव्हा त्यानं मास्तरांचा फळा आठवला.

इटालियन भाषेत 'फाशो' म्हणजे जुडी किंवा मोळी. प्राचीन रोममध्ये दंडाधिकाऱ्यापुढे छड्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड घेऊन शिपाई चालायचे. मुसोलिनीनं ती मोळी उचलली. स्पेनमधल्या मंडळींना रोमची मोळी चालणार नव्हती, घरचीच हवी होती, म्हणून त्यांनी इसाबेलची पेटी उघडली आणि बाणांची जुडी काढली. शेजाऱ्याकडून नुसता नमुना आणायचा, कापड घरचं वापरायचं.

जुवाचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, कारण वर्षभर जू तिथे घासलेलं असतं, कातडं राठ झालेलं असतं. जू अभिमानानं मिरवायचं चिन्ह म्हणून निवडणारा माणूस स्वतःला गाडीवरच बसलेला समजत असणार. बैलाच्या बाजूनं बघणारा ते निवडणार नाही.

पण ही उसनवारी फ्रांकोपासून सुरू होत नाही. पहिला हप्ता त्याच्या तेरा वर्षं आधी उचलला गेला होता.

१३ सप्टेंबर १९२३. कातालुन्याचा लष्करप्रमुख मिगेल प्रिमो दे रिवेरा यानं बार्सेलोनातून बंड पुकारलं. दोन वर्षांपूर्वी मोरोक्कोत, आनुआलला, रिफच्या टोळ्यांनी स्पॅनिश सैन्याची दाणादाण उडवली होती, हजारो सैनिक मेले होते. त्याची जबाबदारी कुणाची, यावरचा चौकशी अहवाल संसदेत येऊ घातला होता आणि कुजबुज थेट राजवाड्यापर्यंत पोहोचली होती. बंडाच्या जाहीरनाम्यात जनरलसाहेबांनी एक वाक्य घातलं होतं, त्याचा आशय असा: ही पुरुषांची चळवळ आहे, ज्याला आपल्या मर्दपणाची पुरती खात्री नसेल त्यानं कोपऱ्यात उभं राहून वाट बघावी. राजा अल्फोन्सो तेरावा याला हे बंड मोडता आलं असतं. त्यानं सत्ता जनरलच्या हाती दिली. अहवालाची चर्चा राहिली ती राहिलीच.

मुसोलिनीला रोममध्ये सत्तेवर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन महिन्यांतच, नोव्हेंबर १९२३ मध्ये, राजा नव्या हुकूमशहाला घेऊन इटलीच्या दौऱ्यावर गेला. तिथे इटलीच्या राजाशी ओळख करून देताना अल्फोन्सो म्हणाला, "हा माझा मुसोलिनी." इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य वारंवार येतं. मला त्यातला 'माझा' हा शब्द सगळ्यात बोलका वाटतो. शेजाऱ्यानं नवी बैलजोडी घेतली की आपणही बाजारात जातो, आणि येताना वेशीतच ओरडून सांगतो, तसा. प्रिमोनंही मुसोलिनीची तोंड भरून स्तुती केली. दोन राजे, दोघांचे दोन बलदंड पंतप्रधान, असा तो थाट होता.

हे सगळं उसनं अवसान होतं का? बरंचसं. मुसोलिनीकडे आधी काळे डगले होते. गावोगाव कामगार संघटनांच्या कचेऱ्या जाळणारे, माणसांना एरंडेल पाजणारे. त्या टोळ्यांच्या जोरावर तो सत्तेपर्यंत आला. प्रिमो बराकीतून आला. स्पेनमध्ये लष्करानं बंड करून सरकार उलथवायची एकोणिसाव्या शतकापासूनची सवय होती आणि त्याला स्वतंत्र शब्दही होता, 'प्रोनुन्सियामिएंतो'. म्हणजे मूळ झाड स्पॅनिश, वरचं कलम तेवढं इटालियन.

सत्ता हातात आल्यावर त्याला पक्ष हवासा वाटला. १९२४ मध्ये 'ऊनिओन पात्रिओतिका', देशभक्त संघ, उभा राहिला. गव्हर्नर आणि तालुक्या-तालुक्याला नेमलेले लष्करी अधिकारी यांनी सभासद गोळा केले. असा पक्ष म्हणजे काय असतं हे आपल्याकडे सांगायला नको. साहेब आलेत, चला, नाव लिहा. डॉक्टर आला, औषधवाला आला, जमीनदाराचा मुनीम आला. मुसोलिनीच्या काळ्या डगल्यांच्या जागी कातालुन्यातलं 'सोमातेन' हे जुनं नागरी संरक्षक दल देशभर पसरवलं. घोषणा होती 'मातृभूमी, धर्म, राजसत्ता'. रोमच्या फॅसिस्टांच्या तोंडी यातला पहिला शब्द शोभला असता, पुढचे दोन त्यांना जेमतेम गिळता आले असते.

स्वतः प्रिमो हेरेसचा, शेरी दारूच्या गावचा. अघळपघळ, गप्पिष्ट, विधुर, मैफलीत रमणारा. रात्री उशिरा घरी आला की कागद ओढून जनतेला उद्देशून टिपण लिहायचा आणि ते दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांना छापावं लागायचं. उनामुनोसारख्या लेखकाला त्यानं १९२४ मध्ये फुएर्तेवेन्तुरा बेटावर हद्दपार केलं. अंमल कडकच होता, सेन्सॉर होता, अराजकवादी कामगार संघटना दडपल्या होत्या. पण मुसोलिनीसारखी थंड, बेतीव शिस्त त्या माणसाच्या स्वभावातच नव्हती. हुकूमशाही नव्वद दिवसांची आहे असं त्यानं सुरुवातीला सांगितलं होतं. ती सहा वर्षं चार महिने चालली.

या सगळ्यात खरी मन लावून केलेली नक्कल एकच होती, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. तिचा कर्ता एदुआर्दो आउनोस, कामगारमंत्री. १९२६ मध्ये हा इटलीला जाऊन आला. इटलीत त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायदा झाला होता: संप बेकायदा, प्रत्येक धंद्यात एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि ती फॅसिस्ट. आउनोसनं वहीत सगळं उतरवून घेतलं, परत आला आणि नोव्हेंबरमध्ये स्पेनसाठी तशीच व्यवस्था जाहीर केली. प्रत्येक धंद्यात समसमान समित्या. कामगारांचे जितके प्रतिनिधी तितकेच मालकांचे, वर सरकारनं नेमलेला अध्यक्ष. पगार, कामाचे तास, तंटे, सगळं तिथे ठरायचं.

पण एक जागा त्यानं सोडून दिली. समितीत यावंच लागेल, मात्र संघटना ज्याची त्यानं निवडावी, असं त्याचं सूत्र होतं. इटलीत फॅसिस्ट संघटनेशिवाय दुसरी उरलीच नव्हती. स्पेनमध्ये कामगारांचे प्रतिनिधी आणायचे कुठून? कॅथलिक संघटना होत्या, पण अशक्त. अराजकवाद्यांवर बंदी. उरली समाजवाद्यांची ऊ-खे-ते (UGT) ही कामगार संघटना. तिचा नेता फ्रान्सिस्को लार्गो काबायेरो, मूळचा गिलावा करणारा गवंडी, हिशेबी माणूस. १९२४ मध्येच तो सरकारच्या राज्य परिषदेवर जाऊन बसला होता. समित्या निघाल्यावर त्याची माणसं जागा मिळेल तिथे शिरली. दुसऱ्या संघटना मोडीत निघत असताना समाजवादी संघटना मात्र हुकूमशहाच्या छत्राखाली टिकली आणि खेड्यापाड्यांत पोहोचली. मालक मंडळी कुरकुरू लागली, की आम्ही या जनरलला आणलं कशाला आणि हा बसवतो कुणाला?

रोमच्या साच्यात माद्रिदचं पीठ ओतलं आणि निघाली भलतीच भाकरी. १९३१ मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि कामगारमंत्री झाला तोच लार्गो काबायेरो. त्यानं समित्या मोडल्या नाहीत. थोडी डागडुजी केली, नाव बदललं आणि चालू ठेवल्या. फॅसिस्ट इटलीतून वहीत उतरवून आणलेली कल्पना, समाजवादी मंत्र्याच्या सहीनं.

प्रिमोचा शेवटही त्याच्या उसन्या डगल्याचं माप सांगून जातो. जानेवारी १९३० मध्ये पाठिंबा सुटतोय असं वाटल्यावर त्यानं कुणाला विचारलं? देशभक्त संघाला नाही. सगळ्या लष्करी विभागप्रमुखांना जाहीर टिपणातून विचारलं, मी अजून तुम्हाला हवा आहे का? उत्तरं थंड आली. २८ जानेवारीला त्यानं राजीनामा दिला. लाखो सभासदांच्या त्या पक्षातून एकही माणूस रस्त्यावर आला नाही. सात आठवड्यांनी, १६ मार्चला, पॅरिसच्या एका हॉटेलात तो वारला.

त्याचा थोरला मुलगा होसे आन्तोनियो वकील होता. बापाचं कुठे चुकलं याचा त्यानं विचार केला असावा, कारण त्यानं नेमकी बापाला न जमलेली बाजू उचलली: आधी विचारसरणी, आधी निळा शर्ट, आधी पोरं. ऑक्टोबर १९३३ मध्ये तो रोमला जाऊन मुसोलिनीला भेटला. परत येऊन त्याच महिन्याच्या २९ तारखेला माद्रिदच्या कोमेदिया नाट्यगृहात त्यानं फालांखेची स्थापना केली. कचेरीत वडिलांच्या तसबिरीजवळ मुसोलिनीचा सही केलेला फोटो होता. १९३५ पासून पॅरिसमधल्या इटालियन वकिलातीतून त्याला महिन्याला ५० हजार लिरा गुपचूप मिळत. एवढं असून फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत फालांखेला एक टक्कादेखील मतं पडली नाहीत. त्याच वर्षी फ्रांको आणि इतर सेनापतींच्या बंडातून यादवी युद्ध पेटलं आणि २० नोव्हेंबरला आलिकान्तेच्या तुरुंगात प्रजासत्ताकवाद्यांनी त्याला गोळ्या घातल्या. मेलेला संस्थापक फ्रांकोला जिवंतापेक्षा सोयीचा होता. एप्रिल १९३७ मध्ये त्यानं फालांखे आणि राजनिष्ठ कार्लिस्ट यांना एका हुकमानं एकत्र बांधलं आणि त्या मोळीवर स्वतः बसला.

युद्धाचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मुसोलिनीनं फ्रांकोला विमानं दिली, ७० हजारांहून अधिक माणसं पाठवली. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराला त्यांची फजिती झाली. समोर गॅरिबाल्डीच्या नावानं लढणारे फॅसिस्टविरोधी इटालियनच होते. पुढच्या मार्चमध्ये माजोर्का बेटावरून उठलेल्या इटालियन विमानांनी बार्सेलोनावर तीन दिवस बाँब टाकले.

या युद्धात आपल्याकडचाही एक माणूस होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला शिकायला गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' हे नाव घेऊन प्रजासत्ताकाच्या बाजूनं आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती झाले. १९३८ च्या वसंतात ब्रिटिश बटालियनचे शंभरावर लोक कालासेइते गावाजवळ इटालियन रणगाड्यांच्या पुढ्यात सापडले, त्याच धामधुमीत हुद्दारही पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठात कैदी ठेवले होते. तिथे रोज हात वर करून फ्रांकोच्या नावाचा घोष करायला लावत. तो वर केलेला हात रोमहून आला होता. नागपूरचेच डॉ. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटून आले होते आणि भारावले होते. एका शहरातली दोन माणसं सात वर्षांच्या अंतरानं एकाच गोष्टीपाशी दोन बाजूंनी पोहोचली. नागपूरच्या कुणी यावर निवांत लिहायला हवं.

मार्च १९३८ मध्ये, युद्ध चालू असतानाच, फ्रांकोनं 'कामगारांची सनद' काढली. तिच्यामागे मुसोलिनीची १९२७ ची कामगार सनद होती. या वेळी आउनोसनं सोडलेली फट बुजवली: मालक आणि कामगार एकाच 'उभ्या' संघटनेत, बाकी सगळ्या बेकायदा. ही व्यवस्था १९७७ पर्यंत टिकली, म्हणजे मूळ इटालियन नमुना मोडल्यावरही तीसेक वर्षं. पण साठीच्या दशकात याच सरकारी संघटनेच्या निवडणुकांत कम्युनिस्ट कामगार उभे राहून निवडून यायला लागले. पुन्हा तेच. डबा रोमचा, जेवण दुसऱ्याचंच.

घरमालकीणबाईंना मी एकदा हे प्रिमो-पुराण सांगायला गेलो. थोरल्या प्रिमोचं त्यांना काही नव्हतं. "मुलगी माहीत आहे," म्हणाल्या. मुलगी म्हणजे पिलार प्रिमो दे रिवेरा, होसे आन्तोनियोची बहीण. पक्षाची महिला शाखा १९३४ पासून १९७७ पर्यंत तिच्याच हातात होती. बायकांना नोकरी, पासपोर्ट, गाडीचा परवाना हवा तर त्या शाखेत सहा महिने 'समाजसेवा' करून दाखला आणावा लागे. बाईंना फ्रान्सला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून त्यांनी केली. कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, त्यात तो दाखला होता, शिक्क्यात तेच जू आणि तेच बाण. "बाळंतविडा शिवून द्यावा लागायचा," त्या म्हणाल्या. "झबली, दुपटी. मला शिवता येत नव्हतं. आईनं शिवून दिला, नाव माझं." मग डोळे मिचकावले.

राजकीय उसनवारी इटलीनं गुंडाळली ती जुलै १९४३ मध्ये, मुसोलिनी पडला तेव्हा. फ्रांको हुशार होता. त्याला मुसोलिनी प्रत्यक्ष एकदाच भेटला होता, १२ फेब्रुवारी १९४१ ला बोर्दिगेरात, आणि युद्धात ये म्हणून मागे लागला होता. फ्रांको आला नाही. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये हात वर करण्याची सरकारी सलामी बंद झाली. पक्षाला 'पक्ष' म्हणायचं सोडून 'चळवळ' म्हणू लागले. अल्फोन्सो तेरावा तर बोर्दिगेराच्या भेटीनंतर सोळा दिवसांनी रोममधल्या एका बड्या हॉटेलात वारला, परागंदा. 'माझा मुसोलिनी' म्हणणारा राजा अखेर खऱ्या मुसोलिनीच्या गावात राहिला आणि त्याची शवपेटीही १९८० पर्यंत तिथेच होती.

पैशांची उसनवारी मात्र लांबली. विमानं, तोफा, माणसं यांचा हिशेब इटलीनं कमी करून ५०० कोटी लिरांवर आणला होता. स्पेन तो हप्त्याहप्त्यानं फेडत राहिला. मुसोलिनी गेला, इटलीतली राजेशाही गेली, लिराची किंमत घसरली, हप्ते चालू. शेवटचा १९६७ मध्ये भरला.

हे ऐकून बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "सदुसष्ट? आम्हीपण तेव्हा हप्ते भरत होतो. इटलीचेच म्हण." आणि डब्यातून एक फोटो काढला. सेआट ६००, फियाटच्या परवान्यानं बार्सेलोनात बनणारी चिमुकली गाडी, अर्ध्या स्पेनची पहिली मोटार. बॉनेटला टेकून त्यांचा नवरा उभा, बाही दुमडलेली, चेहऱ्यावर मालकीचं हसू. मागे हीच इमारत, हेच दार, वर ओढलेलं हिरवं कापड.

मी पाटी शोधली. फोटोत ती येत नाही. फोटो काढणाऱ्याला गाडी पुरती बसवायची होती, म्हणून दाराची ती बाजू कापली गेली.